टोकियोतलं मियाझाकींचं तांब्याचं घड्याळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानला निघालेली मित्रमंडळी, स्टुडिओ जिबली या जपानी ॲनिमेशन स्टुडिओच्या सिनेमांवर जीव असलेले लोक आणि टोकियोत मुलाबाळांसह राहणारी मराठी कुटुंबं या घड्याळाबद्दल हमखास विचारतात. बहुतेकांना वेळ आणि पत्ता हवा असतो. तो इथे आहेच. पण हे घड्याळ बघायला जाणाऱ्याने नुसता फोटो काढून परत येऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून काही उत्तरं लांबली आहेत.

हे घड्याळ नेमकं आहे तरी काय?

टोकियोच्या मिनातो भागात शिओदोमे नावाची उंच काचेच्या इमारतींची वस्ती आहे. तिथे निप्पॉन टेलिव्हिजन या वाहिनीचं ३२ मजली मुख्यालय आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर हे घड्याळ बसवलेलं आहे. रुंदी १८ मीटर, उंची १२ मीटर, वजन सुमारे २८ टन. डिसेंबर २००६ मध्ये ते पूर्ण होऊन लोकांसाठी सुरू झालं. वाहिनीने त्याला ‘निटेरे ओओदोकेई’, म्हणजे निटेरेचं मोठं घड्याळ, असं साधं नाव दिलंय. (निटेरे हे वाहिनीच्याच नावाचं जपानी लघुरूप.) लोक मात्र त्याला जिबलीचं घड्याळ म्हणूनच ओळखतात.

दिवसातून ठरावीक वेळा त्यातल्या तांब्याच्या माणसांना आणि यंत्रांना जाग येते आणि जवळजवळ तीन मिनिटांचा खेळ होतो. एरवी ते शांतपणे वेळ दाखवत उभं असतं.

हे कुणी बनवलं?

आराखडा ॲनिमेशनपटांचे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचा. १९४१ साली टोकियोत जन्मलेले, १९८५ साली स्थापन झालेल्या स्टुडिओ जिबलीच्या संस्थापकांपैकी एक, ‘स्पिरिटेड अवे’ आणि ‘द बॉय अँड द हेरॉन’ या दोन चित्रपटांसाठी ऑस्कर मिळवणारे. २०२४ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कारही मिळाला.

पण कागदावरचं चित्र तांब्यात उतरवलं ते शिल्पकार कुनिओ शाचिमारू यांनी, आणि त्यांचं नाव घेतल्याशिवाय या घड्याळाबद्दल बोलू नये असं माझं ठाम मत आहे. मिताका इथल्या जिबली संग्रहालयाच्या गच्चीवर जो सुमारे पाच मीटर उंच रोबो सैनिक उभा आहे, तोही त्यांच्याच हातचा. तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून आकार देणं हे त्यांचं काम. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम पाहिलं असेल, तर घड्याळाजवळ गेल्यावर लगेच ओळख पटते. पत्र्यावर हातोडीच्या ठोक्यांचे बारीक चट्टे, त्यांवरून घरंगळणारा उजेड, आणि कुठेही साच्यातून काढल्यासारखा गुळगुळीतपणा नाही. घड्याळाच्या कल्पनेपासून ते उभं राहीपर्यंत सुमारे सहा वर्षं गेली, ती का लागली हे त्या पत्र्याकडे पाहिलं की कळतं.

हा ‘हाऊल्स मूव्हिंग कॅसल’मधला किल्ला आहे का?

दिसतो तसाच, हे खरं. खाली पक्ष्यासारखे नखं रोवलेले पाय, वर एकमेकांवर रचल्यासारखे मनोरे, तोफांची तोंडं, वाऱ्याची दिशा दाखवणारं यंत्र, धुराड्यासारख्या नळ्या. मियाझाकींचाच तो सिनेमा नोव्हेंबर २००४ मध्ये आला. म्हणजे चालता किल्ला आणि हे घड्याळ यांचा घडण्याचा काळ बराचसा एकच होता. एकाच माणसाच्या डोक्यात एकाच सुमाराला शिजत असलेल्या दोन गोष्टींमध्ये सारखेपणा येणं अगदी स्वाभाविक आहे.

तरी याला त्या किल्ल्याची प्रतिकृती समजून बघायला जाऊ नका. सिनेमातला हाऊल, सोफी किंवा आगीचा राक्षस कॅल्सिफर इथे शोधत बसलात तर निराश व्हाल. इथली माणसं वेगळी आहेत, निनावी आहेत आणि सगळीच्या सगळी कामात आहेत.

खेळ सुरू झाल्यावर काय काय दिसतं?

आधी संगीत सुरू होतं. मग एकेका कोपऱ्यात हालचाल दिसू लागते. कुठे हँडल फिरवणारा माणूस कामाला लागतो, कुठे चाकं फिरू लागतात, बंद दारं-खिडक्या उघडतात. लोहार हातोडे उचलून ठोके घालू लागतात. अशा छोट्या-छोट्या यांत्रिक करामती या घड्याळात तीसहून अधिक आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा एकाच वेळी चाललेल्या असतात. त्यामुळे एका खेळात सगळं बघून होत नाही. डावीकडे बघावं तर उजवीकडचं निसटतं.

माझी सूचना अशी की पहिल्या खेळाला मागे, चौकाच्या मध्यावर उभं राहून संपूर्ण घड्याळ नजरेत घ्यावं. दुसरा खेळ बघायला मिळाला तर एकाच लोहारावर नजर ठेवावी. त्याचा हात किती सावकाश वर जातो, वर पोचल्यावर क्षणभर कसा थांबतो आणि मग खाली येतो, ते पाहा. ॲनिमेशनमध्ये वजन दाखवायचं असेल तर हालचालीच्या आधीचा हा थांबा फार महत्त्वाचा असतो. कागदावर आयुष्यभर हात, पाय, पंख आणि चाकं हलवत आलेल्या माणसाने तांब्याच्या बाहुलीलाही तोच थांबा दिलाय.

ठीक तासाच्या ठोक्यावर खेळ कळसाला पोचतो, आणि थोड्याच वेळात सगळं पुन्हा स्तब्ध होतं.

खेळाच्या वेळा कोणत्या?

रोज दुपारी १२, १ आणि ३ वाजता, संध्याकाळी ६ आणि रात्री ८ वाजता. शनिवार-रविवारी सकाळी १० वाजता एक जादा खेळ असतो. देखभालीसाठी कधीकधी खेळ बंद ठेवतात, म्हणून मुद्दाम लांबून येणार असाल तर निघण्यापूर्वी वाहिनीच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाकावी.

बरोबर १२ वाजता पोचलो तर चालेल का?

नाही! सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच. खेळ तासाच्या ठोक्याच्या २ मिनिटं ४५ सेकंद आधी सुरू होतो. म्हणजे १२ चा खेळ ११ वाजून ५७ मिनिटं १५ सेकंदांनी. बाराच्या ठोक्याला धावत पोचलात तर खेळ संपत आलेला असेल आणि पुढचा बघायला तासभर थांबावं लागेल. एकचा खेळ चुकला तर दोन तास, आणि तीनचा चुकला तर तीन तास. दहा मिनिटं आधी जाऊन उभं राहावं.

या पावणेतीन मिनिटांबद्दल मला थोडं बोलायचंय, कारण या घड्याळाचं सगळं मर्म मला तिथेच दिसतं. युरोपातल्या अनेक बाहुल्यांच्या घड्याळांत आधी तास होतो आणि मग बाहुल्या बाहेर येऊन मिरवणूक काढतात. वेळ झालेली असते आणि बाहुल्या ती साजरी करतात. इथे क्रम उलटा आहे. आधी लोहार घण मारतात, चाकवाले चाक फिरवतात, कुणी हँडल ओढतं, आणि या सगळ्यांच्या मेहनतीतून शेवटी तास वाजतो. पाहणाऱ्याला वाटतं की ही माणसं राबली नसती तर बारा वाजलेच नसते. मियाझाकींच्या जगात काहीच आपोआप होत नाही, प्रत्येक गोष्टीमागे कुणाचे तरी हात असतात. ‘प्रिन्सेस मोनोनोके’मध्ये लोखंड गाळण्यासाठी पायाने भाता चालवणाऱ्या बायका आहेत. ‘स्पिरिटेड अवे’मधल्या झगमगत्या स्नानगृहाच्या तळाशी सहा हातांचे कामाजी आजोबा भट्टी सांभाळत बसलेले आहेत, आणि वर पाहुण्यांना मिळणारं गरम पाणी त्यांच्यामुळे मिळतं. या घड्याळातले लोहार त्याच जातकुळीचे आहेत.

तिकीट किती?

काहीच नाही. घड्याळ सार्वजनिक चौकात आहे. आरक्षण नाही, रांग नाही, फोटोला मनाई नाही. ऑफिसातून डबा घेऊन बाहेर आलेली माणसं, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, परदेशी प्रवासी असे सगळेच तिथे उभे असतात.

तिथे पोचायचं कसं?

तोएई ओएदो मार्गावर आणि युरिकामोमे मार्गावर शिओदोमे नावाचंच स्टेशन आहे, तिथून अगदी लागून. पण बहुतेक प्रवाशांना शिंबाशी स्टेशन सोयीचं पडतं. तिथे जेआरची (जपान रेल्वेची) यामानोते गाडी, गिंझा मेट्रो आणि आसाकुसा मार्ग तिन्ही येतात. जेआर स्टेशनातून शिओदोमेच्या बाजूने बाहेर पडलं की चालत पाचेक मिनिटं.

टोकियोच्या निशी-कासाई भागात राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी: तोझाई मार्गाने निहोंबाशीपर्यंत या, तिथे गिंझा मार्गाची गाडी पकडा आणि शिंबाशीला उतरा. एकच बदल.

पत्त्यात घड्याळ ‘दुसऱ्या मजल्यावर’ असं लिहिलंय, पण मला सापडलं नाही. का?

जपानमध्ये तळमजल्याला पहिला मजला म्हणतात. म्हणजे त्यांचा दुसरा मजला हा आपला पहिला मजला. शिओदोमेमध्ये इमारतींना जोडणारे पादचारी पूल याच पातळीवर आहेत. रस्त्यावरून शोधत फिरण्यापेक्षा स्टेशनातून वरच्या पुलावर या आणि ‘निटेरे’च्या पाट्या धरून चालत राहा. घड्याळ समोरच्या भिंतीवर दिसेल.

एका टीव्ही वाहिनीने असं घड्याळ का बसवलं?

निप्पॉन टेलिव्हिजन आणि जिबली यांचं नातं जुनं आहे. १९८९ सालच्या ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’पासून ही वाहिनी जिबलीच्या सिनेमांत पैसा गुंतवत आली. जपानमधल्या दोन पिढ्यांनी जिबलीचे सिनेमे घरी बसून पाहिले ते बहुतेक याच वाहिनीवर, शुक्रवारी रात्रीच्या चित्रपटाच्या वेळेत. १९९२ साली मियाझाकींनी वाहिनीसाठी ‘नांदारो’ नावाचा एक हिरवा, गोलमटोल शुभंकरही काढून दिला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये तर निप्पॉन टेलिव्हिजनने जिबलीमधले ४२.३ टक्के मताधिकार घेऊन स्टुडिओला आपली उपकंपनी करत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे घड्याळ भिंतीवर आलं तेव्हा दोघं जुने स्नेही होते, आणि नंतर ते एका घरचे झाले.

या वाहिनीचा घड्याळाशी आणखी एक संबंध आहे, तो मला फार आवडतो. २८ ऑगस्ट १९५३ रोजी जपानमधली पहिली खासगी दूरचित्रवाणी म्हणून निप्पॉन टेलिव्हिजनचं प्रक्षेपण सुरू झालं, आणि त्या दिवशी जपानमधली पहिली टीव्ही जाहिरात दाखवली गेली. ती होती सेइकोशा या घड्याळ कंपनीची, वेळ सांगणारी. अशा वाहिनीच्या दारात लोकांना वेळ सांगणारं एवढं मोठं घड्याळ असणं मला अगदी शोभेसं वाटतं.

मियाझाकींच्या सिनेमांत घड्याळं आहेत का?

भरपूर, आणि घड्याळ बघायला जाण्यापूर्वी ती पाहून ठेवावीत.

त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणजे १९७९ सालचा ‘द कॅसल ऑफ काग्लिओस्त्रो’. त्यातली शेवटची झुंज घड्याळाच्या मनोऱ्यात होते. माणसाहून मोठी दातेरी चाकं फिरत असतात आणि त्यांच्या दातांवरून पात्रं धावत असतात. कुठलं चाक कुणाला फिरवतंय हे त्या गडबडीतही आपल्याला कळत राहतं, कारण चित्रकाराने ते यंत्र आधी मनात चालवून पाहिलेलं आहे. ‘किकी’मध्ये वाऱ्यावर भरकटलेलं फुग्यासारखं हवाई जहाज (एअरशिप) शहराच्या घड्याळाच्या मनोऱ्याला जाऊन भिडतं आणि सिनेमाचा शेवटचा थरार तिथेच घडतो.

पण या भिंतीवरच्या घड्याळाच्या सगळ्यात जवळचं नातलग मला दिसतं ते १९९५ सालच्या ‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’मध्ये. दिग्दर्शन योशिफुमी कोंदो यांचं, पटकथा मियाझाकींची. एका म्हाताऱ्या कारागिराच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात एक उंच उभं घड्याळ आहे. बारा वाजायला आले की त्याची तबकडी जिवंत होते, खाणीत राबणारे बुटके दिसतात, मेंढीची परीराणी होते आणि बुटक्यांचा राजा तिच्याकडे बघत राहतो. बाराचे ठोके पडताना तेवढ्यापुरतंच तिला तिचं मूळ रूप मिळतं. त्या तबकडीवर ‘पोर्को रोसो’ ही अक्षरंही आहेत, म्हणजे मियाझाकींच्या १९९२ सालच्या सिनेमाचं नाव. ते दृश्य पाहून शिओदोमेला गेलात तर ही कल्पना त्यांच्या मनात किती वर्षं घोळत होती याचा अंदाज येतो.

यंत्रांची ओढ त्यांना लहानपणापासूनची. युद्धाच्या काळात त्यांच्या घरचा विमानांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना होता. युद्ध त्यांना कधीच मानवलं नाही, विमानं मात्र कधीच सुटली नाहीत. घड्याळावरच्या तोफांकडे बघताना मला हे आठवतं. तोफा आहेत, पण त्यांचं काम फक्त वेळ झाल्याची वर्दी देण्यात हातभार लावणं एवढंच.

जपानमध्ये बाहुल्यांच्या घड्याळांची परंपरा आहे का?

आहे, आणि ती समजून घेतली तर हे घड्याळ अवचित आकाशातून पडलेलं वाटत नाही.

एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, जपानमध्ये ‘काराकुरी’ नावाची कळसूत्री करामत बहरली. सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे चहा आणणारी बाहुली. तिच्या हातातल्या तबकावर पेला ठेवला की ती पाहुण्याकडे चालत जाते. पेला उचलला की थांबते, रिकामा पेला परत ठेवला की वळून माघारी येते. आत लाकडी दातेरी चाकं असतात, आणि स्प्रिंग व्हेल माशाच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्यांची. होसोकावा हान्झो यांनी १७९६ साली ‘काराकुरी झुई’ नावाचा सचित्र ग्रंथ काढला आणि त्यात अशा बाहुल्यांची रचना चित्रांसह उघड करून सांगितली. गंमत म्हणजे या ग्रंथाचा आरंभ बाहुल्यांनी होत नाही. पहिला भाग आहे घड्याळांचा, बाहुल्या त्यानंतर येतात. त्या कारागिरांच्या लेखी दोन्ही एकच विद्या होती.

आणि ती घड्याळंही अवघड होती. जुन्या जपानी पद्धतीत दिवसाचे सहा भाग आणि रात्रीचे सहा भाग करत. उन्हाळ्यात दिवसाचा भाग लांबायचा आणि रात्रीचा आखडायचा, हिवाळ्यात उलट. म्हणजे तासाची लांबी ऋतूप्रमाणे बदलणार आणि घड्याळाने ते सांभाळायचं! त्यासाठी काही घड्याळांत दिवसाची आणि रात्रीची अशा दोन वेगवेगळ्या गतींच्या दांड्या बसवून त्या पहाटे आणि संध्याकाळी आपोआप बदलण्याची सोय केलेली होती. ठोक्यांचा हिशेबही वेगळा: मध्यान्ही नऊ, मग आठ, सात असे उतरत चारपर्यंत, आणि मध्यरात्री पुन्हा नऊ. १ जानेवारी १८७३ पासून जपानने पाश्चात्त्य कॅलेंडर आणि सारख्या लांबीचे तास स्वीकारले, आणि ही घड्याळं मागे पडली.

या परंपरेचा कळस बघायचा असेल तर टोकियोतल्याच उएनोच्या राष्ट्रीय निसर्ग व विज्ञान संग्रहालयात जावं. तानाका हिसाशिगे यांनी १८५१ साली पूर्ण केलेलं ‘मान्नेन’ घड्याळ तिथे आहे. सहा बाजू, प्रत्येक बाजूला वेगळी माहिती, वर पृथ्वीवरून दिसणाऱ्या सूर्य-चंद्राची गती दाखवणारा घुमट. हेच तानाका पुढे तोशिबा कंपनीच्या मूळ कारखान्याचे संस्थापक झाले, आणि तरुणपणी ते काराकुरी बाहुल्यांसाठीच गाजले होते. शिओदोमेच्या घड्याळाच्या आदल्या दिवशी किंवा नंतर उएनोची फेरी जोडून घ्या, दोन्हींचा अर्थ वाढेल.

एवढं तांबं उघड्यावर आहे, खराब होत नाही का?

तांबं लोखंडासारखं गंजून पोखरलं जात नाही. हवेत राहिलं की आधी तपकिरी पडतं, मग सावकाश त्याच्यावर हिरवट थर येतो. आपल्याकडे घासायच्या राहिलेल्या घंगाळाला जो हिरवा कळंक चढतो, त्याच जातीचा. स्वयंपाकाच्या भांड्यावर तो नको असतो, पण इमारतीवर आणि शिल्पावर तोच थर आतल्या धातूचं रक्षण करतो. जपानमध्ये देवळांची छपरंही तांब्याची असतात आणि ती हिरवी झालेली लोकांना आवडतात. या घड्याळावरही तपकिरी आणि हिरवट छटा शेजारी शेजारी दिसतात. आजूबाजूच्या चकचकीत काचेच्या इमारतींमध्ये ते जुन्या काळातून आल्यासारखं वाटतं, याचं मोठं श्रेय या रंगाला आहे.

दिवसा जावं की रात्री?

एकच खेळ बघणार असाल तर संध्याकाळी सहाचा. घड्याळावर दिवे लागलेले असतात आणि तांब्याचा रंग उजळून निघतो. हिवाळ्यात त्या वेळी पूर्ण अंधार असतो. हातोडीचे चट्टे, फटी, दातेरी चाकं नीट निरखायची असतील तर मात्र दिवसाउजेडीच जावं. जमलं तर तीनचा आणि सहाचा असे दोन्ही खेळ बघा. मधला वेळ घालवायला जवळपास पुष्कळ काही आहे.

जवळ काय काय बघता येईल?

चालत दहा-पंधरा मिनिटांवर हामारिक्यू उद्यान आहे. एकेकाळची शोगुनांची, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्यांची, बाग, समुद्राच्या भरती-ओहोटीप्रमाणे पाणी चढणारं-उतरणारं तळं आणि तळ्याच्या मधोमध चहाघर. पाच वाजता बंद होतं, त्यामुळे तीनच्या खेळानंतर लगेच निघावं. शिओदोमेतच जाहिरातींचं संग्रहालय आहे, घड्याळासारखंच विनामूल्य.

रेल्वेचं वेड असेल तर आणखी एक जागा चुकवू नका. जपानमधली पहिली रेल्वे १८७२ साली शिंबाशी ते योकोहामा अशी धावली. ते मूळचं शिंबाशी स्टेशन आजच्या शिंबाशीत नव्हतं, ते इथे शिओदोमेत होतं. पुढे ते मालधक्का झालं, १९८६ साली तोही बंद पडला आणि मग या जमिनीवर आजच्या इमारती उभ्या राहिल्या. जुन्या स्टेशनाची इमारत मूळ जागी पुन्हा बांधलेली आहे. जिथून देशाचं वेळापत्रक पहिल्यांदा रुळावर धावू लागलं, तिथून हे घड्याळ हाकेच्या अंतरावर आहे.

मुलांना आवडेल का? किती लहान मुलांना न्यावं?

कुठल्याही वयाच्या. तीन मिनिटांत कंटाळा यायच्या आत खेळ संपतो, गोष्ट समजायला भाषा लागत नाही आणि घाबरण्यासारखं काही नाही. थोड्या मोठ्या मुलांना एक काम द्या: प्रत्येकाने एक एक बाहुली निवडायची आणि खेळ संपल्यावर ती नेमकं काय करत होती ते सांगायचं. मुलं बारकाईने बघतात आणि आपल्याला न दिसलेलं सांगतात.

जिबलीचा एकही सिनेमा पाहिलेला नाही. तरी जाऊ का?

जरूर जा. घड्याळ समजायला काहीही पाहिलेलं असण्याची गरज नाही. उलट परत आल्यावर सिनेमे पाहावेसे वाटतील.

घड्याळ आणि जिबली संग्रहालय एकाच दिवशी होईल का?

होईल. संग्रहालय मिताकात आहे, शहराच्या पश्चिमेला, आणि ते १ ऑक्टोबर २००१ रोजी उघडलं. तिथलं तिकीट दारात मिळत नाही. आधी, ठरावीक दिवस आणि वेळ निवडून काढावं लागतं, आणि पुढच्या महिन्याची तिकिटं दर महिन्याच्या १० तारखेला खुली झाली की झपाट्याने संपतात. सकाळचं तिकीट घ्या, दुपारी निवांत निघून सहाच्या खेळाला शिओदोमे गाठा. संग्रहालयाच्या आत फोटो काढू देत नाहीत, पण गच्चीवर चालतं. तिथल्या रोबो सैनिकाला जवळून बघा, त्याच्या पत्र्यावरचे ठोके लक्षात ठेवा आणि मग घड्याळासमोर जा. एकाच हाताचं काम एका दिवसात दोन ठिकाणी बघण्याची ही संधी दवडू नये.

संग्रहालयाचं तिकीट मिळालं नाही म्हणून हिरमुसलेल्यांना तर मी हे घड्याळ आवर्जून सुचवतो. मियाझाकींनी आखलेली इतकी मोठी गोष्ट टोकियोत कुठल्याही तिकिटाशिवाय बघता येते, ती इथे.

आइची प्रांतातलं जिबली पार्क आणि हे घड्याळ यांचा काही संबंध?

नाही. जिबली पार्क नागोयाजवळ आहे, १ नोव्हेंबर २०२२ रोजी सुरू झालं, आणि त्यासाठी वेगळा दिवस काढावा लागतो.

व्हिडिओ काढावा का?

काढायला हरकत नाही, पण दुसऱ्या खेळाचा काढा. पहिला डोळ्यांनी बघा. मोबाईलच्या चौकटीत १८ मीटर रुंदीचं घड्याळ मावत नाही, आणि मावेल एवढं मागे गेलं तर लोहार दिसेनासे होतात.

जपानमध्ये अशी आणखी घड्याळं कुठे आहेत?

टोकियोतच निंग्योचो भागात रस्त्याच्या कडेला दोन काराकुरी मनोरे आहेत. एकात एदो काळातले अग्निशामक दिसतात, दुसऱ्यात कथा सांगणारा कलाकार. युराकुचोमधल्या ‘मारिओन’ इमारतीवर १९८४ साली बसवलेलं सेइकोचं घड्याळ या प्रकाराला शहरात लोकप्रिय करणाऱ्यांपैकी एक.

टोकियोबाहेर जायचं असेल तर शिकोकू बेटावर मात्सुयामा गाठा. तिथे दोगो ओन्सेन या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी १९९४ साली, तिथल्या जुन्या स्नानगृहाच्या शंभरीनिमित्त, ‘बोच्चान’ घड्याळ उभारलं. नात्सुमे सोसेकी यांच्या त्याच नावाच्या कादंबरीतली पात्रं त्यात आहेत. तास झाला की मनोरा मजल्यामागून मजला वर उचलला जातो आणि पात्रं बाहेर येतात. शेजारीच पाय बुडवून बसायचं गरम पाण्याचं कुंड आहे, तेही फुकट. ‘स्पिरिटेड अवे’मधलं स्नानगृह काढताना मियाझाकींच्या डोळ्यांसमोर ज्या इमारती होत्या, त्यांत दोगोचं हे जुनं स्नानगृह नेहमी मोजलं जातं. त्यामुळे मियाझाकींच्या मागावर निघालेल्या माणसाने, हिरोशिमापर्यंत जाणार असेल तर, बोटीने पलीकडे मात्सुयामाला जाऊन एक मुक्काम करावा. दिवसभरात तासातासाला खेळ असतो, म्हणजे इथे चुकला तरी थोड्याच वेळात पुढचा मिळतो.